जुन्या लॅपटॉपवर अल्पाइन: मेल फोल्डरात लावा, ऑर्डर हुकवू नका



आज विषय थोडा वेगळा आहे. मार्केटिंग नाही, कर्ज नाही, जीएसटीचं रिटर्नही नाही. आज बोलायचंय तुमच्या मेलबॉक्सबद्दल. "सर, आमच्या ऑर्डरी तर व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण धंदा जरा मोठा झाला की पत्रव्यवहार मेलवर जातो. कंपनीची परचेस ऑर्डर मेलवर येते. बँक कागदपत्रं मेलवर मागते. सरकारी खात्यांची विचारणा मेलवर येते, आणि तिला मुदत असते.

दोन उदाहरणं घ्या. जीएसटी नोंदणीचा अर्ज केल्यावर अधिकाऱ्यांना काही शंका आली, तर ते आरईजी-03 या नमुन्यात खुलासा मागतात. तुम्हाला 7 कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. दुसरं, ब्रँडच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला आणि तपासणी अहवालात हरकत निघाली, तर उत्तराला 30 दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. ही मेल येतात, पण सेल, ऑफर, कॅशबॅक, वेबिनार यांच्या ढिगाखाली जातात. "मेल आलंच नव्हतं" असं आपण म्हणतो. आलेलं असतं, दिसलेलं नसतं.

म्हणून आज दोन कामं शिकूया. एक, जुन्या लॅपटॉपवर चालणारा अल्पाइन हा साधा, अक्षरी मेल प्रोग्राम जोडणं. दोन, आलेलं मेल योग्य फोल्डरात लावणं. पहिलं काम ऐच्छिक आहे. दुसरं मात्र प्रत्येकाने करायचंच.

अल्पाइन कशाला?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. अनेकांकडे असे लॅपटॉप आहेत ज्यांवर विंडोज 11 चढत नाही. मशीन चांगलं आहे, पण भंगारात द्यायची वेळ आली असं वाटतं. त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकली तर तेच मशीन बिलं, कोटेशन आणि मेल यासाठी अजून काही वर्षं वापरता येतं. पण रॅम 2 जीबी असेल तर ब्राउझरमध्ये जीमेल उघडतानाच ते दमतं. ब्राउझर शेकडो एमबी मेमरी घेतो. अल्पाइन त्याच्या मानाने अगदी थोड्यात भागवतो, कारण तो चित्रं दाखवतच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, खाली कोणतं बटण दाबलं की काय होईल याची यादी. बस्स.

हा प्रोग्राम काही कालपरवाचा नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात 1989 मध्ये 'पाइन' नावाच्या मेल प्रोग्रामचं काम सुरू झालं. नव्याने मेल वापरणाऱ्यालाही जमावं हा हेतू होता, म्हणून सगळे आदेश पडद्यावरच लिहिलेले असत. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे अल्पाइन. पहिली अल्पाइन 2007 मध्ये आली. मोफत आहे आणि मुक्त परवान्याखाली आहे.

धंद्याच्या दृष्टीने याचे तीन फायदे. पहिला, स्लो इंटरनेटवरही मेल उघडतं. दुसरा, जाहिरातीचा भडकपणा दिसत नाही, त्यामुळे लक्ष मजकुरावर राहतं. तिसरा, मेल उघडल्यावर पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता समोर दिसतो. बँकेचा लोगो लावलेलं बनावट मेल इथे लोगोशिवायच येतं, आणि मग विचित्र पत्ता लगेच डोळ्यात भरतो.

तोटेही सांगतो. फोटो पाहायला वेगळा प्रोग्राम उघडावा लागतो. मराठी मजकुरातल्या वेलांट्या, काने, जोडाक्षरं अशा काळ्या पडद्यावर कधी कधी विस्कळीत दिसतात. तुमचं काम मुख्यतः डिझाइन किंवा फोटो पाहण्याचं असेल, तर अल्पाइनच्या मागे लागू नका. थेट खाली 'रोजकीर्द आणि खतावणी' या भागावर जा. तो भाग मोबाइलवाल्यांनाही लागू आहे.

आधी जीमेलची तयारी

अल्पाइनला तुमचा नेहमीचा जीमेल पासवर्ड चालत नाही. त्याला वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' द्यावा लागतो.

1. गुगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. धंद्याच्या खात्याला ते असलंच पाहिजे.
2. खात्याच्या शोधचौकटीत 'अ‍ॅप पासवर्ड्स' शोधा, 'दुकान लॅपटॉप' असं नाव द्या आणि पासवर्ड तयार करा. 16 अक्षरांचा पासवर्ड मिळेल. तो एकदाच दिसतो, तेव्हा नीट उतरवून घ्या.
3. हा पासवर्ड म्हणजे तुमच्या मेलची किल्ली आहे. काउंटरच्या भिंतीवर चिकटवू नका. लॅपटॉप हरवला तर त्याच पानावर जाऊन तेवढा एक पासवर्ड रद्द करा. मुख्य गुगल पासवर्ड बदललात तर अ‍ॅप पासवर्ड आपोआप बंद होतात आणि नवा करावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

अल्पाइन जोडणं

लिनक्स मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये अल्पाइन शोधा आणि इन्स्टॉल करा. मग टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत 'अल्पाइन' टाइप करा, एंटर दाबा. पहिल्यांदा स्वागताचा मजकूर येईल. त्यातून बाहेर पडलं की मुख्य मेनू दिसेल.

आता 'एस' दाबा म्हणजे सेटअप, मग 'सी' म्हणजे कॉन्फिग. एक लांबलचक यादी येईल. घाबरू नका, त्यातल्या पाचच ओळींना हात लावायचाय. ओळीवर जाऊन 'सी' दाबलं की बदल करता येतो. सगळं इंग्रजी अक्षरांत, मध्ये कुठेही स्पेस न देता लिहायचं, फक्त नाव सोडून.

- पर्सनल नेम: तुमचं किंवा उद्योगाचं नाव. ग्राहकाला हेच दिसणार, म्हणून 'राजू007' नको.
- एसएमटीपी सर्व्हर: मेल बाहेर पाठवणारा दरवाजा. एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, मग कोलन आणि 587, मग तिरकी रेघ टीएलएस, मग तिरकी रेघ यूजर, बरोबरचं चिन्ह आणि तुमचा पूर्ण ईमेल पत्ता.
- इनबॉक्स पाथ: मेल आत येणारा दरवाजा. सर्व्हर विचारेल तेव्हा आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, तिरकी रेघ एसएसएल, तिरकी रेघ यूजर, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण पत्ता. फोल्डर विचारेल तेव्हा इनबॉक्स.
- डिफॉल्ट एफसीसी: इथे फक्त दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी द्या. पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं; अल्पाइनने आणखी एक ठेवायची गरज नाही.
- कस्टमाइज्ड हेडर्स: इथे 'फ्रॉम' आणि कोलन लिहून पुढे तुमचं नाव, आणि टोकदार कंसात ईमेल पत्ता द्या. लॅपटॉपवरचं लॉगिन नाव आणि जीमेलचं नाव वेगळं असेल, तर या ओळीशिवाय पाठवणाऱ्याचा पत्ता चुकीचा तयार होतो.

'ई' दाबून बाहेर या, बदल जतन करायचे का विचारेल, 'वाय' म्हणा. आता जीमेलचे बाकीचे फोल्डर दिसण्यासाठी पुन्हा 'एस', मग 'एल' म्हणजे कलेक्शन लिस्ट्स, मग 'ए' म्हणजे नवीन. टोपणनाव द्या, सर्व्हरच्या जागी वरचाच आयमॅपचा मजकूर द्या, पाथ रिकामा ठेवा आणि कंट्रोल-एक्सने जतन करा.

अल्पाइन बंद करून पुन्हा उघडा. पासवर्ड विचारेल, तिथे तो 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड द्या. मग ग्राहकाला नाही, आधी स्वतःलाच एक मेल पाठवा. ते पोहोचलं, नाव आणि पत्ता बरोबर दिसला, की जोडणी झाली.

रोजकीर्द आणि खतावणी

आता मुख्य काम. आपल्याकडे जुने व्यापारी हिशेब कसे ठेवायचे? दिवसभरात जे घडेल ते रोजकीर्दीत. मग त्यातली एकेक नोंद खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. कीर्दीत नोंद झाली म्हणजे हिशेब झाला, असं कोणी मानत नसे. खतावणी झाल्याशिवाय कोणाकडून किती येणं आहे ते कळतच नाही.

इनबॉक्स ही तुमची रोजकीर्द आहे. आपण मात्र तिलाच खतावणी समजतो, आणि पाच हजार मेलांत एक परचेस ऑर्डर शोधत बसतो.

दुसरी गडबड अशी की बरेच जण पाठवणाऱ्याच्या नावाने फोल्डर करतात. शहा ट्रेडर्सचा एक, बँकेचा एक, कुरियरचा एक. महिन्याभरात चाळीस फोल्डर होतात आणि कशात काय बाकी आहे ते कोणालाच सांगता येत नाही. फोल्डर नावावर नको, मला आता काय करायचंय यावर हवेत. सुरुवातीला पाच पुरेत:

1. उत्तर: ज्यावर मला काहीतरी करायचंय. कोटेशन द्यायचंय, नमुना पाठवायचाय, खुलासा करायचाय.
2. वाट: माझं काम झालंय, आता समोरच्याकडून यायचंय. कोटेशन पाठवलं, होकार बाकी आहे.
3. पैसे: परचेस ऑर्डर, बिलं, डिलिव्हरीची पोच, पेमेंटच्या सूचना.
4. सरकारी: जीएसटी, उद्यम, परवाने, ट्रेडमार्क, बँक.
5. वाचन: बातमीपत्रं, ऑफर, वेबिनार. फुरसतीत बघायचं, नाही बघितलं तरी धंदा अडत नाही असं सगळं.

हे पाच लेबल जीमेलमध्ये तयार करा. जीमेल ज्याला लेबल म्हणतं, तेच अल्पाइनमध्ये फोल्डर म्हणून दिसतं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा, म्हणजे टाइप करायला सोपी जातात. लेबलच्या सेटिंगमध्ये 'शो इन आयमॅप' ही खूण असू द्या, नाहीतर फोल्डर अल्पाइनमध्ये दिसणारच नाही.

नियम कुठे लावायचे?

अल्पाइनमध्येही मेल आपोआप हलवायचे नियम लावता येतात. पण ते अल्पाइन उघडा असतानाच चालतात. लॅपटॉप बंद असेल तर मोबाइलवर सगळा ढीग तसाच दिसणार. जीमेलचे फिल्टर मात्र सर्व्हरवर चालतात, रात्री दोनलाही. म्हणून नियम जीमेलमध्ये लावा, आणि वाचन व हाताने लावणं अल्पाइनमध्ये करा. एकदा ब्राउझरमध्ये जाऊन तासभर खर्च केला की हे काम झालं.

फिल्टर लावताना माझा एकच नियम पाळा: ज्या मेलला मुदत आहे किंवा ज्यात पैसा आहे, ते नियमाने इनबॉक्सबाहेर घालवायचं नाही. फिल्टरमध्ये 'स्किप द इनबॉक्स' असा पर्याय असतो. तो फक्त 'वाचन'साठी वापरा. 'सरकारी' आणि 'पैसे' यांना लेबल लावा, पण मेल इनबॉक्समध्येच राहू द्या. नाहीतर नोटीस शिस्तीत फोल्डरात जाऊन बसेल, आणि तुम्ही स्वच्छ इनबॉक्स बघून खूश राहाल. ढिगात हरवलेलं मेल आणि फोल्डरात हरवलेलं मेल, नुकसान सारखंच.

या दोन फोल्डरांच्या फिल्टरला 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' हीही खूण करा. स्पॅममध्ये गेलेलं मेल जीमेल 30 दिवसांनी कायमचं पुसतं. नव्या ग्राहकाची पहिली विचारणा तिथे जाऊन पडू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा स्पॅम चाळायचंच.

फिल्टरसाठी पत्ते आठवून लिहू नका. जुनं खरं मेल उघडा आणि त्यातला पत्ता कॉपी करा. सरकारी मेलच्या बाबतीत पत्त्याचा शेवट तपासा. आणि काही असलं तरी मेलमधल्या लिंकवर क्लिक करून लॉगिन करू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

एक सोपी युक्ती सांगतो. जीमेलमध्ये पत्त्यातल्या अ‍ॅटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल तुमच्याकडेच येतं. समजा, तुम्ही मसाले विकता आणि दोन व्यापारी पोर्टलवर नोंदणी करताय. एका ठिकाणी पत्त्यात 'अधिक चौकशी' जोडा, दुसऱ्या ठिकाणी 'अधिक ऑफर'. मग 'कोणाला आलं' यावर फिल्टर लावता येतो. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे साधा पत्ता द्या.

अल्पाइनमध्ये रोजचं काम

मुख्य मेनूत 'आय' दाबलं की मेलची यादी. बाण फिरवून एंटर दाबलं की मेल उघडतं. 'आर' म्हणजे उत्तर. 'एस' म्हणजे फोल्डरात लावणं: नाव टाइप करा, एंटर. ते मेल त्या फोल्डरात जातं आणि इनबॉक्समध्ये त्यावर काढून टाकण्याची खूण होते. शेवटी 'एक्स' दाबून होकार दिला की खुणा केलेली मेल यादीतून जातात. माउसला हात लागत नाही. चार दिवसांत बोटांना सवय होते.

जुना ढीग असेल तर सेमीकोलन दाबा. मजकुरावरून निवडायचं म्हणून 'टी', पाठवणाऱ्यावरून म्हणून 'एफ', आणि त्याचं नाव. त्याची सगळी मेल निवडली जातील. मग 'ए' आणि 'एस' दाबून सगळी एकदम फोल्डरात टाका. दोनशे मेल एका फटक्यात लागतात.

सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एवढा वेळ ठरवून टाका. प्रत्येक मेल उघडल्यावर एकच प्रश्न: दोन मिनिटांत होतंय का? होत असेल तर आत्ताच उत्तर द्या. नसेल तर योग्य फोल्डरात लावा. संध्याकाळी इनबॉक्स रिकामा करायचा, जसा गल्ला मोजून बंद करतो तसा. आणि 'सरकारी'मधलं मेल लावताना शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहायची.

'वाट' आणि 'पैसे': खरी कमाई इथे आहे

दर सोमवारी 'वाट' फोल्डर उघडा. कोटेशन देऊन आठवडा झालाय आणि उत्तर नाही? एक नम्र आठवण पाठवा. नवीन ग्राहक शोधायला जेवढी मेहनत लागते, त्यापेक्षा ही आठवण फार स्वस्त पडते.

'पैसे' फोल्डर का जपायचा? एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी कराराच्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण "माल कधी पोहोचला?" याचा कागद तुमच्याकडे हवा ना! परचेस ऑर्डर, डिलिव्हरीची पोच आणि बिल पाठवल्याचं मेल, ही तिन्ही एका फोल्डरात असली की पैसे मागताना आवाज आपोआप ठाम होतो. म्हणून बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तरी मेलवरही पाठवाच.

एक शेवटची तपासणी

फोल्डर कितीही सुंदर लावले, तरी मेल तुमच्याकडे यायलाच हवं. अनेक नव्या उद्योजकांच्या जीएसटी, उद्यम किंवा परवान्याच्या अर्जात ईमेल असतो सल्लागाराचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा! सूचना येते ती त्याच्याकडे. तो चांगला माणूस असेल, पण त्याच्याकडे असे शंभर अर्ज असतात. मुदत तुमची जाते.

तेव्हा आज एवढं करा. प्रत्येक नोंदणीत कोणाचा ईमेल आणि मोबाइल आहे ते बघा. तुमचा नसेल तर बदलून घ्या. मग जीमेलमध्ये ती पाच लेबलं तयार करा आणि फक्त एक फिल्टर लावा, 'वाचन'चा. एवढ्यानेच निम्मा गोंगाट कमी होईल. अल्पाइन रविवारी निवांत जोडा. कॉन्फिगच्या ओळी व्हिडिओत पडद्यावर मोठ्या दिसतात, त्या थांबवून थांबवून टाइप करा. कुठे अडलात तर कोणत्या ओळीवर अडलात ते लिहून विचारा. पासवर्ड मात्र कोणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही.